डाव्या वळणात मागचा भाग उजवीकडे सरकला, ठोकर मात्र डावीकडे बसली: पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मागून कशी सुटते?

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

सर्वांना नमस्कार. गेले दोन आठवडे एक प्रश्न डोक्यात घोळत आहे. ओळखीतल्या प्रत्येकाने त्याचे वेगळे उत्तर दिले, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

माझी गाडी २०१७ ची, टर्बो पेट्रोल इंजिनाची, पाच दारांची हॅचबॅक आहे. मागच्या दारावर ‘स्पोर्ट’ असे लिहिलेले आहे आणि सस्पेन्शन साध्या मॉडेलपेक्षा थोडे कडक आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी प्रणाली) आहे, ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी प्रणाली) नाही. गाडी ६१ हजार किलोमीटर चालली असून या काळात तिने मला कधी घाबरवलेले नाही.

परतीच्या पावसाची सर नुकतीच पडून गेली होती आणि मी एकटाच गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीकडे येत होतो. रस्ता पाठ आहे. डोंगर उतरताना एका डाव्या वळणात तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास वेगाने शिरलो. वळणाच्या मध्यावर पुढे रस्त्यातच बसलेली चार-पाच गुरे दिसली, तसा मी एक्सलरेटरवरचा पाय एकदम उचलला आणि ब्रेकला हलकासा स्पर्श केला. त्याच क्षणी बुडाखालून कुणी सतरंजी ओढावी तसा गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकला. मी स्टीअरिंग उजवीकडे फिरवले. पुढचे दोन सेकंद नीट आठवत नाहीत. गाडी थांबली तेव्हा मागचा डावा कोपरा रस्त्याकडेच्या जांभ्याच्या गडग्याला टेकलेला होता, बंपर फाटला होता आणि त्या चाकाच्या रिमला खरवड पडली होती. मला काही लागले नाही. गुरांनी मान वर करून पाहिले आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

आता माझी अडचण अशी आहे. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मर्यादेपलीकडे नेली की नाकाकडून बाहेर जाते, म्हणजे अंडरस्टीअर करते, असे आजवर ऐकत आलो. मग तिचा मागचा भाग कसा सुटला? आणि मागचा भाग उजवीकडे गेला असताना ठोकर डाव्या कोपऱ्याला कशी बसली? माझे मेहुणे म्हणतात की तुला दिशा नीट आठवत नाही, पण गडग्याची लाल माती अजून डाव्या बंपरवरच आहे. तिसरे, अशी मर्यादा जवळ आली आहे हे गाडी आधी सांगते का, आणि सांगत असेल तर मला ते का कळले नाही?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. मी तंत्रनिकेतनात वाहन अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे उत्तर थोडे वर्गातल्यासारखे झाले तर सांभाळून घ्या. तुमची आठवण बरोबर आहे. मेहुण्यांना तसे सांगायला हरकत नाही, कारण ठोकर डावीकडे बसली हाच या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे. पण त्याकडे शेवटी येतो.

प्रथम शब्दांचा अर्थ नेमका करू. वळणात टायर ज्या दिशेला तोंड करून असतो त्याच दिशेला तो जात नाही. रबर पिळले जाते आणि दोन दिशांमध्ये काही अंशांचा फरक राहतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. पुढच्या टायरांचा हा कोन मागच्यांपेक्षा मोठा झाला की अंडरस्टीअर होते आणि मागच्यांचा मोठा झाला की ओव्हरस्टीअर होते. या व्याख्येत इंजिन कोणती चाके फिरवते याचा उल्लेखही नाही, हे लक्षात घ्या. पुढची चाके ओढणारी गाडी बहुधा नाकाकडून बाहेर जाते याला दोन कारणे आहेत: तिच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग पुढे असतो, आणि वळायचे व ओढायचे ही दोन्ही कामे त्याच दोन टायरांवर पडतात. टायरची एकूण पकड ठरलेली असते, त्यातली जेवढी ओढण्यात खर्च होते तेवढी वळण्यासाठी कमी उरते. पण हे सगळे पाय एक्सलरेटरवर असताना खरे आहे. तुम्ही पाय उचललात आणि दोन्ही कारणांची बाजू पालटली.

हिशेबासाठी या वर्गातल्या गाडीचे ठोकळ आकडे घेऊ. चालकासह वजन ११५० किलो, त्यातले ६२ टक्के पुढे, म्हणजे पुढे ७१३ आणि मागे ४३७ किलो. दोन आसांमधले अंतर २.४७ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर धरू. गाडीचा वेग वाढतो किंवा कमी होतो तेव्हा त्या बदलाच्या दरात गुरुत्वत्वरणाच्या दर दहाव्या हिश्श्यामागे ११५० × ०.१ × ०.५५ ÷ २.४७, म्हणजे सुमारे २६ किलो भार एका आसावरून दुसऱ्यावर जातो. दोन्ही वेळा एक दहावा हिस्सा धरला तर हलक्या एक्सलरेटरवर मागे ४३७ + २६, म्हणजे ४६३ किलो होते, पाय उचलताच ते ४३७ − २६, म्हणजे ४११ झाले, म्हणजे क्षणार्धात मागच्या टायरांवरचा भार अकरा टक्क्यांनी घटला. ब्रेक जरा जोरात, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ०.४ पट इतका लागला असता तर तो ३३५ किलोपर्यंत उतरला असता. उलट पुढच्या टायरांना एकाच वेळी जास्तीचा भार मिळाला आणि ओढण्याच्या कामातून सुटकाही मिळाली. नाक आत वळले, बूड हलके झाले. इंग्रजीत याला लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टीअर म्हणतात.

उताराविषयी एक गैरसमज असतो की चढउतारामुळेच वजन पुढे सरकते. खरे तर गाडी उतारावर मोकळी सोडली तर असा भार सरकत नाही. वेग वाढू न देण्यासाठी टायरांना रस्ता धरून गाडी मागे ओढावी लागते, आणि भार सरकतो तो त्या ओढीमुळे. आठ टक्के उतारावर वेग नुसता कायम राखायचा म्हटला तरी मागचे २० किलो कमी होतात. म्हणजे घाट उतरणारा चालक वळणात शिरण्याआधीच मागच्या टायरांच्या खात्यातून थोडी उचल करून बसलेला असतो.

आता स्पोर्टविषयी. अशा गाडीचे नाक कमी बाहेर जावे म्हणून उत्पादक मागचे सस्पेन्शन मुद्दाम कडक करतात. वळणात बाहेरच्या बाजूकडे सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा त्यामुळे मागचा आस उचलतो आणि पुढच्या दोन टायरांवरचा भार अधिक समान राहतो. वेगात वळणाऱ्या अशा हॅचबॅकचे आतले मागचे चाक हवेत उचललेले छायाचित्रांत दिसते ते यामुळेच. त्यातून गाडी चपळ होते हे खरे, पण ती चपळाई मागच्या पकडीच्या मोबदल्यात मिळालेली असते. १९८४ मध्ये आलेली प्यूजो २०५ जीटीआय ही या स्वभावासाठी आजही आठवली जाते: जाणकाराच्या हातात अप्रतिम, आणि वळणात पाय उचलणाऱ्या नवख्यावर उलटणारी.

शेवटी ठोकरीकडे येतो. डाव्या वळणात मागचा भाग उजवीकडे गेला, तुम्ही स्टीअरिंग उजवीकडे दिलेत, आणि ते बरोबरच केलेत. पहिली घसरण तुम्ही सावरली होती. पण मागच्या टायरांना पकड परत मिळाली तेव्हा पुढची चाके अजून उजवीकडे वळलेलीच होती, त्यामुळे गाडी झटक्यात उजवीकडे फिरली आणि तिचे बूड लंबकासारखे डावीकडे आले. ताणलेल्या स्प्रिंगची साठलेली ऊर्जा त्यात मिसळते, म्हणून दुसरा झोका पहिल्यापेक्षा जोरदार असतो. गडग्याला लागला तो हा दुसरा झोका. स्टीअरिंग वेळेवर देणे जितके अवघड, तितकेच, किंबहुना अधिक, ते वेळेवर परत घेणे अवघड असते.

आंबोलीकर (सावंतवाडी)

वाशिष्ठीकाठ सरांनी कार्यकारणभाव पूर्ण सांगितला आहे, तरी माझे अर्धे समाधान झालेले नाही. मी काही वर्षे हौशी ऑटोक्रॉस (मैदानात आखलेल्या वळणदार मार्गावरची वेळेची शर्यत) आणि रॅलीत पुढच्या चाकांच्याच गाड्या चालवल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की ताशी ४५ किलोमीटरला, नुसता पाय उचलून, बऱ्या टायरांवरची रोजच्या वापराची गाडी सहसा अशी सुटत नाही. उत्पादक काठावर बरीच शिल्लक ठेवतात. तेव्हा प्रश्नकर्त्यांना माझे काही प्रश्न आहेत. चारही टायर एकाच वेळी घेतलेले आहेत का? मागच्या टायरांवर चार आकडी निर्मितीचा शिक्का कोणता आहे? हवा शेवटची कधी आणि किती भरली? सस्पेन्शनमध्ये बाहेरून काही बदल केला आहे का? आणि त्या वळणावर रस्त्यावर काय होते?

शेवटचा प्रश्न कोकणात फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे नुसते ओला रस्ता म्हणून चालत नाही. चिऱ्याच्या खाणीतून निघालेल्या ट्रकांच्या चाकांना लागून आलेली तांबडी माती, झाडाखाली सावलीत धरलेले शेवाळ, किनाऱ्यालगत सुरूच्या सुयांचा थर, मासळीच्या गाड्यांतून ठिबकलेले तेलकट पाणी, यांतल्या प्रत्येकाची निसरड वेगळी असते. वळणाची त्रिज्या ३० मीटर धरली आणि टायर व रस्त्यातला घर्षणांक कोरड्या डांबरावर ०.९ धरला, तर मर्यादा ताशी ५९ किलोमीटरच्या आसपास येते. चांगल्या ओल्या डांबरावर तो ०.६ धरला तर ४८. माती किंवा शेवाळामुळे तो ०.३५ वर आला तर जेमतेम ३६. तुम्ही ४५ ला होतात. म्हणजे वळणाच्या पहिल्या अर्ध्या भागात तुम्ही मर्यादेच्या थोडे आत असाल आणि पुढच्या दहा मीटरांत, वेग तोच असताना, तिच्या पलीकडे गेला असाल.

गाडी आधी सांगते का, हा तुमचा तिसरा प्रश्न. पुढची चाके सांगतात. पकड संपण्याच्या थोडे आधीच टायर स्टीअरिंगला मध्यावर ओढणे कमी करतो, म्हणून हाताला स्टीअरिंग हलके, पोकळ लागते. आजकालच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगमध्ये ही जाणीव बरीच पुसट होते, पण लक्ष दिले तर मिळते. मागची चाके मात्र हाताला काहीच कळवत नाहीत. त्यांचा निरोप सीटमधून, कमरेला येतो, आणि तो येतो तेव्हा घसरण सुरू झालेली असते. तुम्हाला आधी कळले नाही यात तुमचा फारसा दोष नाही.

एक अवांतर. रॅलीत आम्ही हीच गोष्ट मुद्दाम घडवतो. मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. पुढच्या चाकांची ती इवलीशी गाडी वळणात बसवण्यासाठी उत्तर युरोपातले चालक उजवा पाय एक्सलरेटरवर ठेवून डाव्या पायाने ब्रेक लावत, त्याने मागचा भाग हलका होऊन हवा तेवढा फिरतो. साब या स्वीडिश कंपनीचा रॅली चालक एरिक कार्लसन यात निष्णात मानला जाई. हे सगळे बंद केलेल्या रस्त्यावर, पुढून एसटी येणार नाही याची खात्री असताना. ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. आंबोली घाट नाही. धबधब्यापाशी शनिवार-रविवारी जे चालते ते पाहून मी हे लिहिले आहे.

हातखंबा नाका

माझ्या माहितीप्रमाणे पुढच्या चाकांची गाडी मागून सुटली तर उपाय एकच आहे: घाबरून ब्रेक न लावता एक्सलरेटर पूर्ण दाबायचा, पुढची चाके गाडीला ओढून सरळ करतात. हे कुणीच कसे सांगितले नाही? आणि ईएसपी असते तर हा सगळा विषयच निघाला नसता ना?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

अर्धे बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे धोक्याचे आहे. एक्सलरेटर दिल्याने भार पुन्हा मागे जातो आणि पुढची चाके गाडीला आपल्या दिशेने ओढतात हे खरे आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही सोय नसते. पण पूर्ण दाबला तर निसरड्या रस्त्यावर पुढची चाके जागीच फिरतात, वळण्याची त्यांची ताकद शून्यावर येते, आणि मागून सुटलेली गाडी आता चारही बाजूंनी सुटते. या वळणात उजवीकडे दरी आहे आणि पुढे गुरे बसली आहेत, हेही विसरू नका. उचललेला पाय हलकेच परत ठेवायचा, वेग वाढणार नाही आणि इंजिनाची ओढही राहणार नाही एवढाच. त्यात प्रश्नकर्त्यांची गाडी टर्बोची आहे. तिसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर असताना पाय दाबल्यापासून ताकद येईपर्यंत क्षणभर जातो, आणि ती येते तेव्हा बहुधा नको त्या वेळी एकदम येते. पुढची जागा संपलेली असेल आणि समोर गुरे, माणूस किंवा एसटी असेल, तर स्टीअरिंग शक्य तितके सरळ करून ब्रेक पूर्ण दाबावा. एबीएस असलेली गाडी सरळ रेषेत कमी वेगावर येऊन आदळलेली बरी.

ईएसपीविषयी तुमचे म्हणणे बरेचसे मान्य. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी १९९५ मध्ये ही प्रणाली बाजारात आणली. गाडी किती फिरते आहे आणि स्टीअरिंग किती फिरवले आहे यांची ती सतत तुलना करते. डाव्या वळणात बूड उजवीकडे निघाले की ती पुढच्या उजव्या चाकाला एकट्याला ब्रेक लावते आणि गाडीचे फिरणे रोखते. हे कुठल्याही चालकाला चार पेडल दिली तरी जमणारे नाही. १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मासिकाच्या चाचणीत, अचानक अडथळा चुकवताना, पुढच्या चाकांची मर्सिडीज ए-क्लास उलटली आणि कंपनीने त्या लहान गाडीतही ईएसपी सरसकट बसवले. पहिल्या ऑडी टीटीच्या बाबतीतही अतिवेगात मागचा भाग सुटून अपघात झाले, तेव्हा मागे छोटा स्पॉयलर, सस्पेन्शनमध्ये बदल आणि ईएसपी असा तिहेरी उपाय करावा लागला. तरीही ईएसपी टायरमध्ये नसलेली पकड निर्माण करत नाही. वेग मुळातच मर्यादेपलीकडे असेल तर ते फक्त गाडीचे नाक दरीकडे सरळ धरून ठेवील.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

सर्वांचे आभार. आंबोलीकरांचे प्रश्न वाचून काल संध्याकाळी अंगणात गाडीखाली बॅटरी घेऊन बसलो. जे दिसले ते लिहिताना थोडी लाज वाटते.

पुढचे टायर या जूनमध्ये घेतलेले, नवे आहेत. दुकानदार म्हणाला होता की ताकद पुढच्या चाकांना आणि ब्रेकचा भारही पुढे, तेव्हा नवे पुढेच घालायचे. मला ते पटले होते. मागच्या दोन्ही टायरांवर ३११७ असा शिक्का आहे, म्हणजे २०१७ च्या ३१ व्या आठवड्यातले, गाडीबरोबर आलेले मूळचे. या गाडीने पुढचे टायर दोनदा खाल्ले आणि मागचे झिजतच नाहीत म्हणून मी कौतुक करत होतो. खाच जेमतेम ३ मिलिमीटर उरली आहे आणि बाजूच्या रबरावर नखाने जाणवतील अशा बारीक भेगा आहेत. रबर बोटाला लाकडासारखे लागते, पुढचे टायर मात्र मऊ आहेत.

हवा पाहिली तर मागे ३८ निघाली. दारावरच्या तक्त्यात एकट्या-दुकट्यासाठी ३२ दिलेली आहे. गणपतीला घरची पाच माणसे, डिकीत सामान आणि मांडीवर मखराचे खोके अशी मुंबईहून आलो तेव्हा जास्त भरून घेतली होती आणि परत कमी करायची राहून गेली. सस्पेन्शनमध्ये बदल काही नाही. रस्त्यावर माती होती का ते आठवत नाही, पण वळणाच्या डोक्यावर फणसाचे मोठे झाड आहे आणि खाली कायम ओल असते.

आंबोलीकर (सावंतवाडी)

मग कोडे सुटले. पुढे नवे मऊ रबर, मागे आठ वर्षांचे कडक रबर, त्यात जास्तीची हवा भरल्याने रस्त्याला टेकणारा भाग लहान, डिकी रिकामी, फणसाखालची ओल, आणि वर अकरा टक्के भार उचलला गेलेला. गाडीच्या मूळ स्वभावात कंपनीने जी शिल्लक ठेवली होती ती यातल्या एकेका गोष्टीने थोडी थोडी खाल्ली, गुरे फक्त निमित्त झाली. कोरड्यात तुम्हाला कधी जाणवले नाही तेही बरोबर आहे, कारण कोरड्या रस्त्यावर कमी खाचेचा जुना टायरही बऱ्यापैकी धरतो. फरक पाण्यात उघडा पडतो.

दुकानदाराने सांगितले ते अनेक दुकानदार सांगतात आणि ऐकायला तर्कशुद्ध वाटते. टायर बनवणाऱ्या कंपन्या मात्र नेमके उलट सांगतात: दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घाला, मग गाडी कोणत्याही चाकांवर चालणारी असो. पुढचे आधी घसरले तर स्टीअरिंग हलके लागते, गाडी नाकाकडून बाहेर जाते, आणि बहुतेक माणसे घाबरून पाय उचलतात, जो तिथे योगायोगाने योग्यच उपाय असतो. मागचे आधी घसरले तर तीच घाबरलेली कृती गाडी आणखी फिरवते. कायद्याने खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण आपल्या पावसात ३ च्या खाली मी जात नाही. पुढच्या चाकांच्या गाडीत मागचे टायर झिजून नव्हे तर म्हातारे होऊन मरतात, म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल करायचे असतात. तसे केले असते तर चारही बरोबर संपले असते.

कुडाळचा अलाइनमेंटवाला

इतका वेळ नुसता वाचत होतो. टायर बदलाल ते ठीक, पण मागच्या डाव्या चाकाच्या रिमला खरवड पडली आहे असे पहिल्याच मजकुरात लिहिले आहे आणि त्याबद्दल कुणी काही बोलले नाही. त्या चाकाला धक्का नक्की कुठे बसला? खरवड चाकाच्या मागच्या कडेला असेल तर गडग्याने ती कडा आत ढकलली, म्हणजे चाकाचे तोंड बाहेर झाले असण्याची शक्यता आहे. तुमच्या गाडीत मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणारा पोलादी दांडा, असणार. पुढच्यासारखा त्यात टो (चाकाचे तोंड आत किंवा बाहेर किती वळले आहे तो कोन) जुळवायला नट नसतो. तो वाकला तर वाकला.

मशीनवर नेण्याआधी घरी बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो. अंगणात सपाट जागेवर पाणी मारा, चाके ओली करा आणि कोरड्या लादीवर किंवा सिमेंटवर गाडी स्टीअरिंग न हलवता सरळ सात-आठ मीटर चालवा. मग वाकून माग पाहा. पुढच्या चाकाचा माग आणि मागच्या चाकाचा माग यांतला फरक डावीकडे आणि उजवीकडे सारखाच असेल तर चिंता नाही. डावीकडे मागचा माग बाहेर आणि उजवीकडे मागचा माग आत पडत असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आहे. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग किंचित डावीकडे धरावे लागते का, तेही पाहा.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

खरवड मागच्याच कडेला आहे. आज सकाळी वडिलांनी बादलीने चाके भिजवली आणि मी पडवीसमोरच्या सिमेंटवर गाडी सरळ नेली. डावीकडे मागच्या चाकाचा माग पुढच्यापेक्षा जवळपास १ सेंटिमीटर बाहेर आणि उजवीकडे तेवढाच आत पडला. स्टीअरिंग डावीकडे धरावे लागते हेही खरे आहे. ठोकर बसल्यापासून लागते, पण रस्त्याचा उतार असेल असे मी स्वतःला सांगत होतो.

दुपारी रत्नागिरीतच मशीनवर लावली. मागच्या डाव्या चाकाचा टो ०°२०′ बाहेर आणि उजव्याचा ०°१०′ आत असा कागद मिळाला. मधल्या दिवसांत याच गाडीतून दोनदा पावस गावी जाऊन आलो आहे, आणि उजव्या वळणात ती थोडी अस्वस्थ वाटली होती ती शंका आता खरी वाटते.

कुडाळचा अलाइनमेंटवाला

शंका नव्हे, तसेच होणार. उजव्या वळणात भार डाव्या मागच्या चाकावर येतो, आणि तेच चाक बाहेर पाहते आहे. ते बूड स्वतःहून बाहेर नेते. परवाची घसरण डाव्या वळणात झाली होती, पुढची उजव्या वळणात होईल, आणि आरे-वारेला उतरताना उजव्या वळणात बाहेरच्या बाजूला काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. बीम गरम करून सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडे देऊ नका, पोलादाचा पाणी दिलेला कस त्यात जातो. नवा बीम मागवा, त्याबरोबर त्या चाकाचे बेअरिंगही बदला, आणि नवे टायर बीम बसल्यानंतरच मागे घाला, नाहीतर महिन्याभरात त्यांची आतली कड खाल्ली जाईल.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

बीम मागवला आहे, यायला बारा दिवस लागतील. तोवर गाडी पडवीत उभी आहे आणि मी एसटीने ये-जा करतो. काल त्याच वळणावरून एसटी गेली तेव्हा खिडकीतून पाहिले: गुरे तिथेच बसली होती, फणसाखाली रस्त्यावर हिरवट पट्टा स्पष्ट दिसत होता, आणि चालकाने वळणाच्या बरेच आधी, रस्ता सरळ असतानाच, गिअर उतरवला होता.